‘कोर्स अर्धवट सोडला म्हणून’ हे माझं वाक्य चुकलं होतं

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. आईबद्दल फार वाईट वाटलं.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते. मी लेखात लिहिलं होतं की रुग्ण अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडतात, म्हणून जंतू औषधांना दाद देईनासे होतात. त्यावर तुम्ही विचारलंत: आईने आयुष्यात मोजून चार वेळा अँटिबायोटिक घेतलं असेल. पक्षाघात झाला, आयसीयूत व्हेंटिलेटरवर होती. बाराव्या दिवशी रक्तात क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला आणि रिपोर्टवर वरपासून खालपर्यंत ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट. मग हा जंतू तिने घरून आणला का? पहिल्याच दिवशी सगळ्यात भारी औषध का दिलं नाही? आणि शेवटी: तुम्ही हॉस्पिटलवाले एकमेकांना पाठीशी घालता.

पहिला मुद्दा सरळ मान्य. ते वाक्य मी लिहायला नको होतं. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५च्या नोबेल व्याख्यानात अपुरं पेनिसिलिन घेणाऱ्या माणसाचं उदाहरण दिलं होतं, आणि तेव्हापासून ही गोष्ट सगळ्यांच्या तोंडी बसली. क्षयरोगाच्या बाबतीत ती आजही खरी आहे. पण हॉस्पिटलातल्या क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास या जंतूंची गोष्ट बरीचशी उलटी आहे. तिथे नडतं ते औषध जास्त दिवस चालणं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत रक्तात जंतू सापडलेल्या ३,६००हून अधिक रुग्णांना सात किंवा चौदा दिवस औषध दिलं होतं (स्टॅफिलोकॉकस ऑरियस या एका जंतूचे रुग्ण त्यात नव्हते). ९० दिवसांतल्या मृत्यूंचा हिशेब केला तेव्हा सात दिवसांचा कोर्स कुठेही कमी पडला नव्हता. याचा अर्थ गोळ्या मनानेच बंद कराव्यात असा नाही. किती दिवस पुरे हे डॉक्टरांनीच सांगायचं. पण आजाऱ्याच्या माथी दोष मारणारं माझं वाक्य टिकत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न: तो आला कुठून?

तुमच्या आईच्या बाबतीत नेमकं काय घडलं ते मला सांगता येणार नाही. सहसा कसं घडतं ते सांगते, कारण हॉस्पिटलातले जंतुसंसर्ग हेच माझं काम आहे. क्लेबसिएला माणसाच्या आतड्यात मुक्कामाला असतो आणि बहुतेकदा काही त्रास देत नाही. हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरचा, औषधांना न जुमानणारा त्याचा दणकट भाऊबंद हातांवरून, बेडच्या कठड्यावरून, सिंकच्या पाइपातून नव्या रुग्णाच्या पोटात शिरतो. ताप नाही, लक्षण नाही. मग घशात नळी, लघवीची नळी, मानेत सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी. शरीराने बंद ठेवलेली दारं आपणच उघडलेली असतात. नळीच्या आतल्या बाजूला जंतूंचा बुळबुळीत थर बसतो आणि एक दिवस त्यातले काही रक्तात उतरतात. बाराव्या दिवशी ताप आला, तरी जंतू कदाचित तिसऱ्या-चौथ्या दिवशीच आलेला असतो.

हे अंदाजाने म्हणत नाही. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या सरकारी संशोधन रुग्णालयात २०११ साली असा क्लेबसिएला असलेली एक रुग्ण दाखल झाली. जंतू आधीच माहीत होता, तिला वेगळं ठेवलं होतं. ती बरी होऊन घरी गेली, आणि तीनेक आठवड्यांनी दुसऱ्या रुग्णात तोच जंतू सापडला. होता होता १८ जण. त्यातले ११ दगावले, सहा जण थेट या संसर्गाने. जंतूंचा जनुकीय आराखडा वाचल्यावर सगळे धागे त्या पहिल्या रुग्णापाशी पोहोचले. सिंकच्या गाळण्यांत आणि साफ केलेल्या एका व्हेंटिलेटरवरही तो सापडला.

मी स्वतः पाहिलेलं सांगते. हातांच्या स्वच्छतेची नोंद करायला आयसीयूच्या कोपऱ्यात कागद घेऊन उभी होते. एका सिस्टरने ग्लोव्ह्ज घातले, लघवीची पिशवी रिकामी केली. तेवढ्यात पलीकडचा सिरिंज पंप ओरडायला लागला. त्याच ग्लोव्ह्जनी तिने बटण दाबलं आणि सलाइनची नळी सरळ केली. मग ग्लोव्ह्ज काढून हात अगदी नीट धुतले. पण बटणावर आणि नळीवर जे जायचं ते गेलं होतं. ती निष्काळजी मुळीच नव्हती. तिच्याकडे व्हेंटिलेटरवरचे तीन रुग्ण होते. म्हणून ‘सिस्टर हात धूत नाहीत’ एवढ्यावर थांबणाऱ्यांचाही मला राग येतो. एका सिस्टरमागे किती खाटा, हा जंतुसंसर्गाचाच प्रश्न आहे.

‘पहिल्या दिवशीच सगळ्यात भारी औषध’ याच्याशी मात्र मी सहमत नाही. तुम्ही रागवाल, तरी नाही. रुग्णाचा रक्तदाब कोसळतोय, सेप्सिसचा, म्हणजे संसर्गाने सगळं शरीरच ढासळत असल्याचा, संशय आहे, अशा वेळी तासाभरात जोरदार औषध गेलंच पाहिजे. तिथे कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीची, वाट बघत बसणं गुन्हा आहे. पण आईला दाखल करताना संसर्ग नव्हता, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा मेरोपेनेमसारखं भारी अँटिबायोटिक दिलं असतं तर पोटातले निरुपद्रवी, औषधाला मरणारे जंतू मेले असते आणि न मरणाऱ्यांना मोकळं रान मिळालं असतं. कोलिस्टिन या अगदी शेवटी वापरायच्या अँटिबायोटिकचंही तसंच. १९७०च्या दशकात मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून ते जवळपास बाजूला ठेवलं होतं. दुसरं काही चालेना म्हणून ते परत काढावं लागलं. आणि २०१५ साली चीनमधून बातमी आली की त्यालाही न जुमानण्याचं जनुक जंतू एकमेकांना देऊ लागलेत.

तो ‘आर’ कसा ठरतो तेही सांगते, कारण कागदावर ते एक अक्षर असतं. ताटलीवर जंतू सारवायचा, वर औषधाच्या कागदी चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडत असेल तर सकाळी चकतीभोवती जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ दिसतं. अशा रुग्णाच्या ताटलीवर वर्तुळच नसतं. जंतूंची ओली, चिकट साय थेट चकतीच्या कडेला भिडलेली असते. पट्टी हातात घ्यायची आणि मोजायला काही नसतं. मग वॉर्डला फोन करायचा. पलीकडचा डॉक्टर काही क्षण बोलत नाही.

पाठीशी घालण्याबद्दल. हो, घातलं जातं. अनेक ठिकाणी संसर्गाचे आकडे नातेवाइकांना सांगत नाहीत, कधी नोंदवतही नाहीत. त्याने नुकसानच होतं, कारण यावर उपाय आहे. मिशिगनमधल्या शंभरावर आयसीयूंनी सेंट्रल लाइनसाठी पाच साध्या गोष्टी पाळल्या: हात धुणं, अंगभर निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणं, जांघेतली शीर टाळणं आणि गरज संपताच लाइन काढणं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींत लाइनमुळे होणारे रक्तसंसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटले होते. नवं औषध एकही नव्हतं.

‘आम्ही काय विचारायला हवं होतं?’ असंही तुम्ही लिहिलंय. तुमचं काही चुकलं म्हणून नाही, पुढे कुणाला उपयोग व्हावा म्हणून सांगते. रोजच्या राउंडला दोन गोष्टी विचाराव्यात: ही नळी आज लागणार आहे का, आणि कल्चरचा रिपोर्ट आल्यावर औषध बदललं का, कमी केलं का. शेजारच्या खाटेवर तोच जंतू होता का, हे तुम्ही अजूनही हॉस्पिटलच्या संसर्ग नियंत्रण समितीला लेखी विचारू शकता. प्रयोगशाळेने जंतू जपून ठेवले असतील तर दोन्ही ताडून पाहता येतात.

मूळ लेखातला तो परिच्छेद आज बदलला आहे. जुनं वाक्य पुसलं नाही, त्यावर रेघ मारून तिथेच ठेवलं आहे आणि खाली लिहिलंय की एका वाचकाने, आईच्या रिपोर्टवरून, ही चूक दाखवून दिली.