सी-ए-टी घोकण्यापेक्षा आवाज जोडायला शिकवा

मराठी शाळांतल्या मुलांना इंग्रजी वाचायला शिकवण्याबद्दलच्या लेखात स्पेलिंगचं पाठांतर वाढवा असं सुचवलंय, ते पटलं नाही. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तरी अजून मुलं ‘सी ए टी कॅट’ घोकतात आणि ‘सॅट’ समोर आला की अडतात. अक्षराचं नाव वेगळं, आवाज वेगळा. मराठी वाचताना ही अडचण कधी आलेलीच नसते. आधी एस, ए, टी, पी, आय, एन एवढ्या सहाच अक्षरांचे आवाज पक्के करा. त्यांतून सॅट, पिन, टॅप, सिट असे पुष्कळ शब्द जुळतात. घोळ होतो तो इथे: बाराखडीच्या सवयीने मूल ‘स-ॲ-ट’ असं पूर्ण अक्षर म्हणतं, मग त्याचं ‘सॅट’ होतच नाही. आवाज पाय मोडूनच हवा. ‘स्स्स्’ लांबवत थेट ‘ॲ’मध्ये शिरायचं, मध्ये थांबायचं नाही, जोडणी पटकन जमते.

आणि कृपा करून शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून देऊ नका! मूल तेवढंच वाचतं, इंग्रजी अक्षरांकडे बघतसुद्धा नाही. ‘सेड’, ‘वॉज’ यांसारखे नियमात न बसणारे शब्द आठवड्याला चार-पाचच घ्या. नवा शब्द वाचायला देण्याआधी तो दोन-तीन वाक्यांत कानावर पडलेला असावा, नाहीतर वाचलं तरी कळत काहीच नाही.