‘काँक’, ‘कॉक्लिया’ आणि आपला शंख: एका फिरत्या दाव्याची तपासणी

एक मजकूर सध्या जोरात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: इंग्रजीतला शंखासाठीचा ‘काँक’ हा शब्द ग्रीकमधून आलेला, आणि तो म्हणजे आपल्या ‘शंख’ शब्दाचाच अपभ्रंश. कानाच्या आतल्या वेटोळ्या अवयवाचं ‘कॉक्लिया’ हे नावही शंखावरूनच आलं. म्हणजे ग्रीकांनी शब्द भारतातून नेला आणि कानाची रचनाही इथूनच शिकली. सुश्रुतसंहितेत कानाजवळच्या भागाला ‘शंख’ म्हटलं आहे, हा त्याचा पुरावा. यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे, बाकीच्या नाहीत. संस्कृतबद्दल ज्यांना जिव्हाळा आहे, त्यांनीच हे आधी तपासायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी अर्धसत्य पाहू. ‘काँक’ हा शब्द लॅटिन ‘कोंखा’वरून आला आणि तो ग्रीक ‘कोंखे’वरून. या ‘कोंखे’चं आणि संस्कृत ‘शंख’चं नातं बऱ्याच अभ्यासकांनी मानलं आहे. पण नातं असणं वेगळं आणि उसनवारी वेगळी. दोघी बहिणींचं नाक सारखं असलं म्हणून एकीने ते दुसरीकडून घेतलेलं नसतं. ते आजीकडून आलेलं असतं. संस्कृतमधल्या ‘श’च्या जागी ग्रीक-लॅटिनमध्ये ‘क’ सापडतो, आणि तो एखाद्या शब्दापुरता नाही, ओळीने सापडतो. आपलं ‘दश’, ग्रीक ‘देका’, लॅटिन ‘देकेम’. आपलं ‘शतम्’, ग्रीक ‘हेकातोन’, लॅटिन ‘केंतुम’. आपला ‘श्वन्’ म्हणजे कुत्रा, ग्रीक ‘क्युओन’, लॅटिन ‘कानिस’. या तिन्ही भाषा जिच्यातून निघाल्या त्या मूळ भाषेतला ‘क’सारखा उच्चार ग्रीक-लॅटिनमध्ये टिकला आणि संस्कृतच्या शाखेत त्याचा ‘श’ झाला.

उसनवारीच्या दाव्याला नेमका इथेच धक्का बसतो. ग्रीकांनी भारतातली नावं ऐकून लिहून ठेवली, तेव्हा ‘श’चं काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे. चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थिनिस या ग्रीक वकिलाच्या आधारे एरियन हा ग्रीक इतिहासकार मथुरेकडच्या लोकांची माहिती देतो. ते शूरसेन. ग्रीक लिपीत ते ‘सौरसेनोई’ झाले. ‘श’ऐवजी ‘स’ आला, ‘क’ आला नाही. याच वाटेने ‘शंख’ गेला असता तर ग्रीकमध्ये ‘सांखे’सारखं काहीतरी सापडलं असतं. शिवाय अलेक्झांडर इ.स.पूर्व 326 मध्ये पंजाबात आला, त्याच्या आधीच्या झेनोफोन या ग्रीक लेखकाच्या लेखनात ‘कोंखे’ हा शब्द रोजच्या वापरातला म्हणून येतो. कुठल्या भारतीय वस्तूसाठी नाही, तर एफिसस या ग्रीक शहराजवळच्या नदीत मिळणाऱ्या शिंपल्यांसाठी. काही भाषाशास्त्रज्ञ तर ‘शंख’ आणि ‘कोंखे’ यांचं नातंही पक्कं मानत नाहीत. हा शब्द एखाद्या लुप्त भाषेतून आला असावा असं त्यांना वाटतं. तसं असलं तरी तो भारतातून गेला असं त्यातून निघत नाहीच.

आता अर्थ बघा. मजकूर लिहिणाऱ्याने हा भाग पूर्ण सोडून दिला आहे. ग्रीक ‘कोंखे’ म्हणजे मुळात दोन झडपांचा शिंपला, आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांच्या जातकुळीतला. फुंकून वाजवायच्या वळणदार शंखाला ग्रीक लोक ‘कोख्लोस’ म्हणत. युरिपिडीसच्या नाटकात गुराखी लोकांना गोळा करायला हाच ‘कोख्लोस’ फुंकतात. पुढे लॅटिन कवींनी ट्रायटन या समुद्रदेवाच्या वाद्याला ‘कोंखा’ म्हटलं आणि शब्दाचा अर्थ सैल होत गेला. कानाच्या पाळीमधल्या वाटीसारख्या खळग्याला शरीररचनाशास्त्रात आजही ‘कोंखा’च म्हणतात, कारण तो शिंपल्यासारखा उथळ आहे. हा बाहेरचा कान. आतल्या कानाशी त्याची सरमिसळ करायला नको.

‘कॉक्लिया’ हा मात्र ‘कोख्लोस’च्या घरातला शब्द आहे. ग्रीक ‘कोख्लिआस’ आणि लॅटिन ‘कोक्लेआ’ म्हणजे गोगलगाय. जे जे गोगलगाईच्या पाठीसारखं वळत जातं त्याला रोमन लोक हे नाव देत. पाणी वर चढवणाऱ्या आर्किमिडीजच्या स्क्रूलाही व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने तेच नाव दिलं आहे. गोगलगाय कवचातून टोकरून काढायचा टोकदार चमचा तो ‘कोक्लेआरे’, आणि फ्रेंच व इटालियन भाषांतले चमच्याचे शब्द त्याच्यावरूनच आले. आतल्या कानातल्या अवयवाला हे नाव मिळालं ते इटलीत पादुआला शिकवणाऱ्या गाब्रिएले फालोपिओ या शरीररचनातज्ज्ञाकडून. त्याचा शरीररचनेवरचा ग्रंथ 1561 मध्ये व्हेनिसला छापला गेला. मृतदेहाचं विच्छेदन करताना त्याच्यासमोर अडीच-पावणेतीन वेढ्यांची हाडाची नळी होती. तिला गोगलगाईचं नाव देणं त्याला सहज सुचण्यासारखं होतं. त्याच्याही सुमारे एकोणीसशे वर्षं आधी ॲरिस्टॉटलने कानाच्या आतली घडण वळणदार शंखांसारखी असल्याचं लिहिलं होतं.

शंख कानाला लावला की समुद्र ऐकू येतो म्हणून हे नाव पडलं, अशी पुरवणीही काहींनी जोडली आहे. नाव आकारावरून पडलं आहे. आणि शंखात ऐकू येते ती भोवतालच्या आवाजांचीच घुमणी.

आता सुश्रुताबद्दल, कारण त्याचं नाव घेऊन हा मजकूर त्याच्यावरच अन्याय करतो. सुश्रुतसंहितेतलं ‘शंख’ हे मर्म, म्हणजे शरीरातली नाजूक जागा, भुवईच्या टोकाच्या वर, कान आणि कपाळ यांच्या मध्ये सांगितलं आहे. म्हणजे आपली कानशिलं. तिथे वर्मी घाव बसला तर तत्काळ मृत्यू, असं संहिता बजावते. शस्त्रक्रिया करणाऱ्याचं ते अचूक निरीक्षण आहे, पण ते हाडात खोल दडलेल्या वेटोळ्या नळीचं वर्णन नाही. सुश्रुताचं कानाविषयीचं खरं मोठं काम दुसरंच आहे. तुटलेली, फाटलेली कानाची पाळी सांधायच्या पंधरा पद्धती, म्हणजे ‘कर्णबंध’, त्याने नावांनिशी दिल्या आहेत. गालाची त्वचा वापरून पाळी घडवायची रीतही सांगितली आहे. फिरत्या मजकुरात या कामाचा एक शब्दही नाही.

आणि इंग्रजीने आपल्याकडून नेलेले शब्द खरोखर हवे असतील, तर तेही आहेत. मन्नारच्या आखातात, तुतिकोरिनच्या किनाऱ्यावर पाणबुडे जो पूजेचा शंख काढत, त्याला इंग्रजी व्यापारी ‘चँक’ म्हणत. हा मात्र थेट ‘शंख’च, आणि 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची नोंद आहे. तिथला शंख बंगालमध्ये जाई आणि त्याच्या बांगड्या होत. दुसरा शब्द ‘काउरी’. संस्कृत ‘कपर्द’, त्याचं प्राकृतातून मराठीत ‘कवडी’ आणि हिंदीत ‘कौडी’, आणि हिंदीतून इंग्रजीत ‘काउरी’. ‘प’चा ‘व’ होणं हे प्राकृताच्या नियमाला धरून आहे. मालदीवच्या कवड्या जहाजं भरभरून बंगालमध्ये येत आणि तिथे नाणं म्हणून चालत. युरोपीय व्यापाऱ्यांनी त्या पुढे पश्चिम आफ्रिकेपर्यंत नेल्या. या शब्दाचा काळ, वाट आणि उच्चार तिन्ही जुळतात. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातल्या माळेत ओवलेली ती हीच कवडी.