पंप बदलला आणि टब चालू झाला, म्हणजे पंपच गेला होता का?

नमस्कार,

हॉट टबचं पाणी फिरतं ठेवणाऱ्या सर्क्युलेशन पंपावरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फ्लोचा एरर, म्हणजे पाणी पुरेसं वाहत नसल्याचा इशारा, आला की सरळ नवा पंप बसवावा. पंप बदलण्याआधी करायला मी सांगितलेली तपासणी म्हणजे वेळ घालवणं आहे, आणि पाणी नि वीज एकत्र असताना सामान्य माणसाला त्यात हात घालायला सांगणं धोक्याचं आहे. सोबत तुम्ही स्वतःचा अनुभव दिलात. टबचं पाणी बदलल्यावर लगेच एरर आला. क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून करंट मोजायचं यंत्र) लावला तर पंप त्याच्या पाटीवर छापलेल्या आकड्याच्या जेमतेम निम्मा करंट घेत होता. मोटर कमजोर झाली असं ठरवून तुम्ही पंप बदललात आणि टब चालू झाला.

तुमचं रीडिंग बरोबर असणार. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

हा पंप सेंट्रिफ्यूगल जातीचा. त्यातलं फिरणारं चक्र, म्हणजे इम्पेलर, जितकं पाणी पुढे ढकलतो, तितका मोटरवर भार. पाणी मोकळं वाहत असेल तर करंट जास्त. पुढे किंवा मागे वाट अडली की इम्पेलर तेच पाणी घुसळत बसतो आणि करंट उतरतो. पंपाने हवा धरली असेल तर तो आणखी उतरतो, कारण हवा फिरवायला जोर लागतच नाही. मोटर खरोखर बिघडते तेव्हा चित्र बहुधा उलटं असतं. बेअरिंग जड झालं, इम्पेलर जाम झाला किंवा वाइंडिंगमध्ये (मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांत) शॉर्ट झाला, तर करंट चढतो, मोटर तापते आणि थर्मल कटआउट (तापल्यावर आपोआप तुटणारा स्विच) तिला बंद पाडतो. निवली की ती पुन्हा सुरू होते आणि थोड्या वेळाने पुन्हा पडते. अशातलं काहीच तुमच्या वर्णनात नाही.

त्यात एरर आला तो पाणी बदलल्यावर लगेच. टब रिकामा केला की पाइपांत हवा शिरते, आणि भरताना ती पंपाच्या डोक्यात अडकून राहते. सर्क्युलेशन पंप लहान, कमी ताकदीचा. अडकलेली हवा त्याला स्वतःहून रेटता येत नाही. आता नवा पंप बसवताना काय काय केलं ते आठवा. व्हॉल्व्ह बंद केले, दोन्ही बाजूंच्या युनियन (पाइपाचे फिरवून उघडायचे जोड) सोडल्या, जुना पंप काढून नवा लावला, व्हॉल्व्ह उघडले. या खटाटोपात हवेला बाहेर पडायला वाट मिळाली असणार. लेखात मी जो उपाय सांगितला होता तो एवढाच: मेन स्विच बंद, डिलिव्हरीच्या, म्हणजे पंपातून पाणी बाहेर पडण्याच्या, बाजूची युनियन जराशी सैल करायची. आधी फुस्स आवाज येतो, मग पाण्याचे बुडबुडे, मग सलग धार; धार आली की युनियन आवळायची. टबातलं पाणी पंपापेक्षा उंचावर असल्यामुळे ते आपल्याच दाबाने हवा बाहेर ढकलतं, पंप चालवावाच लागत नाही.

सुरक्षिततेचा तुमचा मुद्दा मला मनापासून मान्य आहे. वीज चालू असताना मोजमाप, मोटरचं टर्मिनल कव्हर, कपॅसिटर ही कामं इलेक्ट्रिशियनचीच. कपॅसिटर तर स्विच बंद केल्यावरही चार्ज धरून असतो. पण क्लॅम्प मीटर लावायलाही पॅनेल उघडावं लागतंच, आणि पंप बदलायला वायरिंग सोडावं लागतं. मी घरच्या माणसाला सांगितलेली कामं त्यामानाने निर्धोक आहेत: पाण्याची पातळी बघा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत का बघा, फिल्टर काढून टब थोडा वेळ चालवून बघा.

फिल्टरवर जरा थांबतो, कारण तिथे खूप जण फसतात. वरून पांढराशुभ्र दिसणारा फिल्टरही तुंबलेला असू शकतो. अंगाचं तेल आणि लोशन घड्यांच्या आत मुरतं, नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने ते निघत नाही. फिल्टर क्लीनरमध्ये रात्रभर भिजवावं लागतं. फिल्टर काढल्याबरोबर एरर गेला, तर दोष फिल्टरचा. मात्र तसाच टब चालवत राहू नका, कचरा थेट इम्पेलरमध्ये जाईल.

एरर देणारं यंत्र पंपाकडे बघतच नाही, हेही ध्यानात घ्या. काही टबांत पाण्याच्या प्रवाहाने किंवा दाबाने दबणारा स्विच असतो, तर बऱ्याच नव्या टबांत हीटरच्या दोन्ही टोकांना तापमानाचे सेन्सर असतात. दोन्ही तापमानांत फरक फार पडला की कंट्रोलर समजतो, पाणी पुरेसं वाहत नाही, आणि हीटर जळू नये म्हणून बंद करतो. सेन्सरच बिघडला तर चांगल्या पंपावरही आळ येतो. आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप होत असेल तेव्हाही सगळे पंपाला धरतात. पण हीटरचं एलिमेंट फुटून पाणी आत गेलेलं असण्याची शक्यता आधी तपासून घ्यावी.

पंप बदलायलाच हवा अशी लक्षणं आहेत, आणि तिथे मी तुमच्याच बाजूचा आहे. मोटरच्या दांड्याभोवतीच्या शाफ्ट सीलमधून पाणी झिरपून मोटरच्या तोंडाशी पांढरे क्षार जमले आहेत, बेअरिंग किंचाळतंय, वाइंडिंग अर्थ दाखवतंय (म्हणजे करंट मोटरच्या बॉडीत उतरतोय), तर वेळ घालवू नये. पण क्षारांमुळे रोटर (मोटरचा फिरणारा भाग) जाम झाला असेल तर नव्या पंपासोबत पाण्याचाही बंदोबस्त करायला हवा. गरम पाण्यात कॅल्शियमचे क्षार लवकर बसतात. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवला नाही आणि कॅल्शियम हार्डनेस (पाण्यातलं कॅल्शियमचं प्रमाण) मोजला नाही, तर नवा पंपही त्याच वाटेने जाईल.

तुमचा जुना पंप फेकला नसेल तर एक करा. तो कशालाही जोडलेला नसताना इनलेटमधून बोट घालून इम्पेलर फिरवून बघा, आत केस, धागे किंवा क्षारांचा थर आहे का तेही बघा. इलेक्ट्रिशियनकडून वाइंडिंग मोजून घ्या. कोरडा चालवून मात्र बघू नका, सील आणि बेअरिंग त्यानेच जातात. इम्पेलर मोकळा फिरला आणि वाइंडिंग ठीक निघालं तर तो पंप जपून ठेवा, चांगला स्पेअर आहे. काय निघालं ते इथेच लिहा. वाचणाऱ्या पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होईल.