डुकरं मेली, म्हणून संशोधन थांबवायचं का?

हार्ट अटॅकनंतर हृदयाचा स्नायू पुन्हा वाढवण्यासाठी मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांच्या कामावर नियंत्रण ठेवणारे छोटे रेणू, वापरण्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ‘ज्या प्रयोगात डुकरं मेली, त्या मायक्रोआरएनएबद्दल इतक्या आशेने का लिहिता? हा मार्ग बंदच करायला हवा.’

मृत्यू झाले हे खरं आहे. पण ते कशामुळे झाले, हे पाहिल्याशिवाय मार्ग बंद करा म्हणणं मला पटत नाही.

2019च्या त्या प्रयोगात डुकरांची हृदयधमनी 90 मिनिटं बंद ठेवून उघडली आणि एएव्ही6 या विषाणूवाहकातून मिआर-199ए (हृदयपेशींना विभाजन करायला लावणारा मायक्रोआरएनए) इजा झालेल्या भागाच्या कडेला टोचलं. महिन्याभरात स्कार (मेलेल्या स्नायूच्या जागी उरलेला व्रण) लहान झाला, आकुंचन सुधारलं. पुढे सातव्या-आठव्या आठवड्यात 10पैकी 7 डुकरं ठोक्यांची लय बिघडून अचानक दगावली.

एएव्हीने नेलेलं जनुक स्नायूपेशीत महिनोन् महिने टिकतं आणि ते बंद करायची सोय त्यात नव्हती. विभाजनासाठी हृदयपेशीला आपली आकुंचनाची यंत्रणा मोडावी लागते. हे थांबलंच नाही, तर अर्धवट घडलेल्या पेशींचे पुंजके उरतात आणि विद्युतसंदेश तिथे अडखळू शकतो. म्हणजे खरा प्रश्न आहे तो परिणाम किती दिवस टिकवायचा, याचा.

2017मध्ये उंदरांना कृत्रिम मिआर-199ए-3पी आणि मिआर-590-3पी लिपिडच्या (स्निग्ध पदार्थाच्या) कणांतून एकदाच टोचले होते. ते सुमारे 12 दिवस टिकले, तरी आठ आठवड्यांनंतरही हृदयाचं काम सुधारलेलं होतं. अर्थात उंदराचं हृदय इतकं लहान की घातक लय त्यात सहसा टिकत नाही, त्यामुळे सुरक्षिततेचा हा पुरावा मी मानत नाही. असे अल्पजीवी रेणू मोठ्या प्राण्यांत, महिनोन् महिने सलग ईसीजी ठेवून तपासायला हवेत.

शिवाय सगळे मायक्रोआरएनए पेशी वाढवत नाहीत. मिआर-29 कोलॅजनला, म्हणजे स्कार बनवणाऱ्या तंतुमय प्रथिनाला, लगाम घालतो आणि अटॅकनंतर इजेच्या कडेच्या भागात तो घटतो. पण पहिल्या आठवड्यात कोलॅजनच हृदयाची भिंत सांधून धरतं, तेव्हाच ते दाबलं तर भिंत फाटू शकते. हृदय निकामी होण्याला हातभार लावणाऱ्या मिआर-132ला रोखणारं सीडीआर132एल हे औषध माणसांत दिलं गेलं, तेही आधी 28 रुग्णांत, सुरक्षितता पाहायला. या सगळ्यांना एकाच मापाने मोजणं चूक आहे.

रुग्णांच्या घरच्यांसाठी: अटॅकनंतर स्नायू वाढवणारं असं इंजेक्शन आज नेहमीच्या उपचारांत नाही, त्यामुळे कुणी विकत असेल तर घेऊ नका. अटॅक ओळखला जातो तो मुख्यतः ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयस्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारं प्रथिन) यांच्या तपासणीवरून. कार्डिओलॉजिस्टने दिलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.