पोर्ट्समथ एकदिवसीय मराठी सहल: आपल्या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. वेळ काढून लिहिलंत, आभारी आहे. आपल्या आईंना जहाजातल्या उभ्या जिन्यांचा त्रास झाला, जेवायलाही उशीर झाला, त्याबद्दल मनापासून क्षमस्व.

पण सहलीत दाखवलेल्या दोन जुन्या ब्रिटिश युद्धनौकांबद्दल, म्हणजे वॉरियर आणि ॲडमिरल नेल्सनची व्हिक्टरी यांबद्दल, आपण लिहिलेलं ‘एकही लढाई न केलेल्या वॉरियरवर दीड तास घालवला, तोफा खोट्या, नेल्सनच्या व्हिक्टरीला चाळीसच मिनिटं, शुद्ध फसवणूक’ हे वाचून रात्री झोप लागली नाही. एका मिनीबसवर घर चालतं आमचं.

आधी वेळेचं. बस वेम्बलीहून साडेसातला सुटणार होती. आपण सव्वाआठला आलात, तोवर बाकीची मंडळी, त्यात दोन लहान मुलं, थंडीत बसून होती. पुढे हायवेवर ‘पाच मिनिटं’ म्हणून उतरलात आणि डबे उघडलेत. मी काही बोललो नाही, पाहुण्यांना बोलायची आपली पद्धत नाही. पण व्हिक्टरीची मिनिटं तिथे गेली. आणि दीड तास म्हणता, त्यातला बराचसा जहाजाच्या नाकावरच्या योद्ध्याच्या पुतळ्याखाली आपलेच फोटो काढण्यात गेला. ते मीच काढले. व्हिक्टरीभोवती परांची आहे कारण २०२२ पासून मोठी दुरुस्ती चालू आहे. बुकिंगच्या मेसेजमध्ये ते लिहिलं होतं.

वॉरियरने युद्धात एकही गोळा डागला नाही, हे धक्क्यावर मीच सांगितलं होतं. अहो, त्याची मातब्बरी त्यातच आहे! त्याआधीची फ्रेंचांची युद्धनौका ‘ग्लोआर’ म्हणजे लाकडी जहाजावर लोखंडी चिलखत. वॉरियरचा सांगाडाच लोखंडाचा, वर साडेचार इंची चिलखत, त्यामागे अठरा इंच सागवान. १८६० च्या डिसेंबरात थेम्सकाठी ब्लॅकवॉलला पाण्यात सोडायला गेले तर थंडीने जहाज उतारावरच गोठून बसलेलं. १८६१ मध्ये ते नौदलात आलं तेव्हा त्याच्याशी भिडेल असं जहाज नव्हतं, आणि दहा-एक वर्षांत त्याहून भारी जहाजं आल्यावर ते मागे पडलं. लढणार कधी?

तोफा फायबरग्लासच्या आहेत, इंजिनही प्रतिकृती आहे. लपवलं कोणी? मूळचं सगळं केव्हाच काढलेलं. भंगारात काढलं तर गिऱ्हाईक मिळेना, म्हणून १९२९ पासून पन्नास वर्षं ते वेल्समध्ये पेम्ब्रोक डॉकला तेल भरायचा तरंगता धक्का होऊन पडलं होतं. १९७९ मध्ये ईशान्य इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ओढत नेलं, कारागीर आठ वर्षं खपले, तेव्हा १९८७ ला पोर्ट्समथला आलं. सांगाडा मात्र अस्सल आहे. (आपल्या वडिलांनी विचारलेलं मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं जहाज म्हणजे ‘ट्रिंकोमाली’, १८१७ चं. ते आता हार्टलपूलला असतं. एका दिवसात दोन्ही होत नाही, अंतर फार आहे.)

पुढच्या सहलींत वेळापत्रकात थोडा बदल करतोय, जेवणाचंही बघतो. ज्येष्ठांसाठीही काहीतरी करू.

नाताळच्या सुट्टीची बुकिंग आत्ताच सुरू झाली आहेत. लोक आधी स्टार बघतात. शक्य असेल तर निदान ‘फसवणूक’ तेवढं काढा, ही विनंती.