‘45 एचपीला 7 फुटी श्रेडर बिनधास्त चालतो’: या मेसेजमध्ये काय काय चुकलंय

कापसाची शेवटची वेचणी उरकत आली की जालना, बीड, परभणीकडच्या शेतकरी ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. तो श्रेडरबद्दल असतो, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडून पऱ्हाट्यांचे (वेचणीनंतर रानात उभ्या राहिलेल्या कापसाच्या झाडांचे) बारीक तुकडे करणाऱ्या यंत्राबद्दल. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘45 एचपीच्या ट्रॅक्टरला 7 फुटी श्रेडर बिनधास्त चालतो. दोन ओळी एकदम, तासाला दोन एकर. घरी रोटाव्हेटर असेल तर श्रेडरही नको, पऱ्हाट्या त्यानेच गाडा. नाहीतर स्वस्तातला स्लॅशर घ्या, काम एकच. डिझेल वाचवायला रेस कमी ठेवा. शिअर बोल्ट सारखा तुटत असेल तर हाय टेन्साइल बोल्ट टाका, कटकट संपली.’

हे वाचून मशीन घेणाऱ्याचे पैसे तर जातातच, पण शेवटचा सल्ला माणसाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘45 एचपीला 7 फुटी चालतो’

बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनचा असतो. श्रेडर फिरतो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या, अवजार फिरवणाऱ्या दांड्यावर, आणि इंजिनपासून पीटीओपर्यंत येता येता 10 ते 15 टक्के ताकद खर्ची पडते. म्हणजे 45 एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर 38 ते 40 एचपी मिळते. पऱ्हाटीची कुट्टी करायला मशीनच्या दर फूट रुंदीला पीटीओवर साधारण 7 ते 8 एचपी धरावी. कोरडवाहू, बारीक पऱ्हाटी असेल तर 7. ठिबकवरची, बुडाला अंगठ्याहून जाड झालेली असेल तर 8. या हिशेबाने 5 फुटीला 35 ते 40 एचपी लागते, ती 45 च्या ट्रॅक्टरकडे जेमतेम आहे. 7 फुटीला 49 ते 56 लागते, म्हणजे इंजिन 60 च्या आसपासचं हवं.

आपल्या ट्रॅक्टरची पीटीओ एचपी टेस्ट रिपोर्टमध्ये छापलेली असते. मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या अशा चाचण्या होतात. विक्रेत्याकडे तो रिपोर्ट मागा, तोंडी आकड्यावर जाऊ नका. वजनाचंही तसंच. अवजार उचलणाऱ्या लिफ्टची क्षमता खालच्या लिंकच्या (अवजार जोडायच्या दांड्यांच्या) टोकाशी मोजलेली असते, श्रेडरचा भार मात्र त्याच्याही मागे लोंबत असतो. जड मशीन उचललं की पुढची चाकं हलकी होतात आणि बांध ओलांडताना स्टिअरिंग धरत नाही.

‘दोन ओळी एकदम, तासाला दोन एकर’

हा हिशेब कागदावर मांडून पाहिला तरी पुरे. लागवड 4 फुटी ओळींची असेल तर एका एकरातल्या ओळींची एकूण लांबी 3.3 किलोमीटर भरते. जाड पऱ्हाटीत तासाला 3 किलोमीटर हा बरा वेग आहे. एकेक ओळ घेतली तर नुसतं सरळ चालायलाच तास-सव्वातास जातो, आणि वळणं धरून एकराला दीड तास लागतो. तासाला दोन एकर व्हायचे तर दोन ओळी एकदम घ्याव्या लागतील, वेगही थोडा वाढवावा लागेल आणि वळणांना वेळ लागता कामा नये.

आता टेप घेऊन ट्रॅक्टरच्या मागे उभं राहा. या आकाराच्या ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरांच्या मध्यांतलं अंतर साधारण साडेचार फूट असतं. दोन ओळींच्या मधून ट्रॅक्टर घातला की दोन्ही टायर बरोबर ओळींवरच येतात. पऱ्हाटी आधी टायरखाली आडवी होते, ढेकळात दबते, मग वरून श्रेडर जातो आणि दबलेली तशीच राहते. जी तुटते तिचे तिरपे, टोकदार खुंट पुढच्या फेरीला टायरात घुसतात. पऱ्हाटीच्या खुंटाने झालेलं पंक्चर एकदा काढलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

एक ओळ मधोमध घेतली तर टायर मोकळ्या पट्ट्यातून जातात. मग शेजारची ओळ मधल्या ओळीपासून 4 फुटांवर, आणि 7 फुटी श्रेडरची कड साडेतीन फुटांवर! म्हणजे दोन फूट जादा रुंदीचे पैसे मोजूनही एका फेरीत ओळ एकच. रुंदी ठरवताना बॉनेटवरच्या आकड्याआधी आपल्या लागवडीचं अंतर मोजा.

‘रोटाव्हेटर असताना श्रेडर कशाला’

रोटाव्हेटर हे माती भुसभुशीत करायचं यंत्र. त्याचा रोटर, म्हणजे पाती लावलेला फिरता दांडा, मिनिटाला 200 च्या आसपास फेरे घेतो, श्रेडरचा 2,000 च्या आसपास. पात्याच्या टोकाचा वेग काढला तर रोटाव्हेटरचा सेकंदाला 5-6 मीटर येतो, श्रेडरचा 45 च्या पुढे. उभी पऱ्हाटी फुटते ती या वेगाने. रोटाव्हेटर तिला उपटतो, ओढतो आणि रोटरभोवती गुंडाळतो. सालीचा वाख सीलमध्ये शिरला की ऑइल गळतं, मग बेअरिंग जातं.

पण श्रेडर फिरवला म्हणजे काम संपलं असंही नाही. ओल असली की पऱ्हाटीचा बुडखा पुन्हा फुटतो आणि किडीला आसरा मिळतो. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने काय केलं ते मराठवाडा विसरलेला नाही. ही अळी न उमललेल्या कवडी बोंडांत सुप्तावस्थेत राहते, म्हणूनच पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नयेत. क्रम असा ठेवा: आधी श्रेडरने कुट्टी, मग नांगरट, आणि रोटाव्हेटर सगळ्यात शेवटी.

आणि श्रेडर घालण्याआधी ठिबकच्या नळ्या गोळा करा, सगळ्या. एक तुकडा राहिला तरी तो रोटरला असा आवळतो की विळ्याने कापून काढण्यात अर्धा दिवस जातो.

‘स्लॅशर घ्या, काम एकच’

काम एक नाही. स्लॅशरमध्ये छताखाली उभ्या शाफ्टला आडवी फिरणारी दोन-तीन पाती असतात. ती झाड बुडातून तोडतात, पण दांडके लांबच राहतात. मोसंबीच्या बागेतलं गवत, पडीक रान, बांधाकडेचं झुडूप यासाठी स्लॅशर उत्तम आहे आणि दर फुटाला 5 एचपीत भागतं. कुट्टी हवी तर आडव्या रोटरचा, लोंबत्या पात्यांचा श्रेडरच लागतो. त्यातही गवत-पाचटाला वाय आकाराची पाती, पऱ्हाटी-तुराटीला हॅमर पाती. पातं तुटलं तर एकच बदलू नका, समोरासमोरची जोडी बदला आणि दोन्ही काट्यावर वजन करून घ्या. तोल गेला की मशीन थरथरतं आणि बेअरिंग तापतं.

स्लॅशरची पाती जड असल्याने एक धोका आहे. सिंगल क्लचच्या (चाकांना आणि पीटीओला एकच क्लच असलेल्या) ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला तरी फिरती पाती पीटीओवाटे ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतात. धुऱ्यापाशी, विहिरीच्या कडेला हे ध्यानात ठेवा. डबल क्लच नसेल तर पीटीओच्या शाफ्टवर ओव्हररनिंग क्लच (पात्यांचा जोर उलटा ट्रॅक्टरकडे येऊ न देणारा) बसवल्याशिवाय स्लॅशर जोडू नका.

‘रेस कमी, डिझेल कमी’

ट्रॅक्टरच्या मीटरवर पीटीओच्या मिनिटाला 540 फेऱ्यांची खूण असते. काटा त्या खुणेवर हवा. रेस कमी केली की पाती कापायचं सोडून ओढायला लागतात, रोटर फिरवणारे पट्टे घसरतात, रबर जळाल्याचा वास येतो आणि तेच रान दोनदा काढावं लागतं. इंजिनवर ताण आला तर गिअर खालचा टाका, पण रेस कमी करू नका. पाती मातीला लागू देऊ नका, जमिनीपासून 2 ते 3 इंच वर ठेवा. गोट्याच्या मुरमाड रानात आणखी वर. मागचा साखळ्यांचा पडदा काढून टाकलेलं मशीन भाड्यानेसुद्धा आणू नका. सुटलेला दगड गोळीसारखा जातो, 50 मीटरच्या आत माणूस नको.

‘हाय टेन्साइल बोल्ट टाका’

शिअर बोल्ट तुटण्यासाठीच बसवलेला असतो. दगड, खुंट किंवा तारेचं वेटोळं रोटरमध्ये अडकलं की आधी तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तिथे कडक बोल्ट घातला की तुटायची पाळी गिअरच्या दात्यांवर, पीटीओपासून मशीनपर्यंत जाणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) किंवा ट्रॅक्टरच्या पीटीओवर येते. भर वेगात मोडलेला शाफ्ट मोकळा गरगरू लागला तर सीटवरच्या माणसाला वाचवणारं मध्ये काहीच नसतं.

बोल्ट सारखा तुटतोय म्हणजे दुसरं काहीतरी बिघडलंय. पाहायचं ते असं: रेस वर नेऊन एकदम पीटीओ टाकला जातोय का? तो मंद रेसवर टाका, मग हळूहळू वाढवा. वळणावर पीटीओ चालू ठेवून मशीन पूर्ण उचललं जातंय का? शाफ्टचा कोन वाढतो आणि झटके बसतात. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे काटे एका रेषेत आहेत का? दोन्ही नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश शिरलेल्या हव्यात, पण मशीन वर-खाली करताना त्या तळाला टेकता कामा नयेत, इंचभर जागा राहिली पाहिजे. बोल्टऐवजी घसरता क्लच असेल तर तो वर्षभर उभा राहून गंजाने चिकटतो. हंगामाआधी त्याच्या स्प्रिंगा सैल करून एकदा घसरवून घ्या आणि पुन्हा मापाने आवळा.

बोल्ट बदलताना पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, मशीन जमिनीवर टेकवलेलं. 540 फेरे म्हणजे सेकंदाला 9. उपरण्याचं टोक किंवा साडीचा पदर शाफ्टमध्ये सापडला तर हात आखडायला सेकंदभरही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर म्हणूनच असतं, ते काढू नका. तुटलेला बोल्ट दुकानात सोबत न्या आणि डोक्यावरचा आकडा पाहा: 8.8 असेल तर 8.8 चाच घ्या, 10.9 चा दिला तर परत करा. एकदम दहा घेऊन टूलबॉक्समध्ये टाकून ठेवा.