चिपीची धावपट्टी आखूड नाही

गणपती जवळ आले की सिंधुदुर्गातल्या गटागटांतून एक संदेश फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: जिल्ह्यातल्या चिपी विमानतळाची धावपट्टी आखूड बांधली म्हणून मोठी विमानं येत नाहीत, अडीच हजारांत मुंबईचं तिकीट म्हणून सांगून सरकारने फसवलं, पावसात विमान उतरत नाही म्हणजे जागाच चुकली. उपाय काय, तर धावपट्टी वाढवा.

आधी धावपट्टीचंच बघू. चिपीची धावपट्टी २,५०० मीटर आहे. शिर्डीची तेवढीच, पुण्याची २,५३५, मंगळूरची २,४५०. या तिन्ही ठिकाणी १८० आसनांची जेट विमानं उतरतात, आणि मंगळूरचा पाऊस आपल्यापेक्षा कमी नाही. जेट विमानाला उड्डाणाआधीच हिशेब दाखवावा लागतो की मुक्कामाला उतरून थांबण्याचं अंतर तिथल्या उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत बसतं. धावपट्टी ओली असण्याची शक्यता असेल तर लागणाऱ्या लांबीवर आणखी १५ टक्के धरतात. म्हणजे २,५०० भागिले १.१५, त्याचे ६० टक्के: सुमारे १,३०० मीटर. १८० आसनांचं ए३२० जेट एवढ्यात थांबतं. सत्तर आसनी एटीआर हे पंख्याचं छोटं विमान तर पूर्ण वजनानिशी उड्डाण करायलाही साधारण १,३०० मीटरच घेतं. तेव्हा आणखी पाचशे मीटर डांबर ओतून एकही नवं विमान येणार नाही.

शिवाय मोठं विमान फुकटात येत नाही. एटीआर २७ मीटर लांब, म्हणून अग्निशमनाच्या पाचव्या श्रेणीत बसतं: एक बंब, ५,४०० लिटर पाणी. ए३२० साडेसदतीस मीटर, म्हणजे सहावी श्रेणी: दोन बंब, ७,९०० लिटर, वर फोम आणि प्रत्येक पाळीला जादा माणसं. तीन मिनिटांत धावपट्टीच्या टोकाला पोचून फवारा सुरू व्हायला हवा, विमान दिवसाला एक असो की दहा. उड्डाणं फारच कमी असतील तर एक श्रेणी खाली चालवायची सवलत नियमात आहे, पण कायम सवलतीवर विसंबून जेटची वाट बघण्यात अर्थ नाही.

आता तिकीट. छोट्या शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत सगळी आसनं स्वस्त कधीच नव्हती. विमानातली निम्मी, जास्तीत जास्त ४०, मर्यादित भाड्याची. बाकीची बाजारभावाने. भाड्याची मर्यादा अंतराच्या टप्प्यावर ठरते आणि महागाईनुसार बदलते. तासाभराच्या, साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासाला सुरुवातीला ती २,५०० होती. त्या निम्म्या आसनांवरची तूट सरकार भरून देतं, ८० टक्के केंद्राच्या निधीतून आणि २० टक्के राज्याकडून. पण फक्त तीन वर्षं. तारखा जुळवून बघा: चिपीचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ला, मुंबईची सेवा थांबली ऑक्टोबर २०२४मध्ये. धावपट्टी त्या महिन्यात काही आखूड झाली नव्हती.

तूट भरणं थांबल्यावर कंपनी काय बघते? चिपी-मुंबई हवाई अंतर सुमारे ३५० किलोमीटर. एटीआर तासाला साधारण ६५० ते ७५० किलो इंधन जाळतं, ते विमान भरलेलं असो वा रिकामं. आणि आपली गर्दी एकतर्फी असते. चतुर्थीआधी मुंबईहून येणारं विमान खच्चून भरतं आणि परत जाताना ओस. विसर्जनानंतर उलट. सणाची गर्दी दाखवून ‘प्रवासी आहेत की’ म्हणणाऱ्यांनी परतीच्या फेरीतली आसनंही मोजावीत. शिवाय जानेवारी २०२३पासून गोव्याचा मोपा विमानतळ सुरू आहे, चिपीपासून हवाई अंतर ५० किलोमीटरच्या आत. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गचा माणूस तिकडेच जाणार, त्याला नावं ठेवून उपयोग नाही.

त्यात मुंबईचा स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्यासाठी विमानाला मिळणारी ठरलेली वेळ. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते: ताशी ४५च्या आसपास उड्डाणं-उतरणं. सत्तर आसनी विमान जो स्लॉट अडवतं, त्याच स्लॉटवर १८० आसनांचं विमान निघू शकतं. छोट्या विमानाला सोयीची वेळ मिळत नाही ती यामुळे. सकाळी मुंबईत कामाला पोचवणारी आणि संध्याकाळी परत आणणारी वेळ नसेल, तर धंद्याचा माणूस आपला रेल्वेनेच जातो.

पावसाचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. पण त्याचा दोष चिपीच्या सड्याला, म्हणजे विमानतळाखालच्या कातळी पठाराला, देऊ नये. पायलटने डोळ्यांनी बघून उतरवायचं असेल तर ५ किलोमीटर दृश्यमानता आणि १,५०० फुटांच्या वर ढग लागतात. जुलैत कोकणात हे किती दिवस मिळतं? शिर्डीला तर पावसाळा उलटून गेल्यावर, नोव्हेंबर २०२१मध्ये, याच ५ किलोमीटरच्या अटीपायी उड्डाणं रद्द झाली होती. आयएलएस ही उतरण मार्गदर्शक यंत्रणा, तिच्या पहिल्या श्रेणीत, पायलटला २०० फुटांपर्यंत खाली आणते. तिथे धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचं, नाहीतर पुन्हा वर. आयएलएस बसवायची म्हणजे धावपट्टीच्या टोकापलीकडे दिशा दाखवणारा अँटेना, बाजूला उताराचा कोन दाखवणारा दुसरा, त्यांच्यापुढची जमीन सपाट आणि मोकळी, अलीकडे दिव्यांची रांग, आणि ठरावीक मुदतीने विमान उडवून तपासणी. सपाट जमिनीची अट सड्याच्या कडेला सगळ्यात जास्त त्रास देते.

निवेदन द्यायचंच असेल तर त्यात धावपट्टी नको. आयएलएस आणि दिव्यांची रांग मागा, मुंबई किंवा नवी मुंबईत सकाळ-संध्याकाळचा स्लॉट मागा, आणि योजनेची मुदत संपल्यावर राज्य किती आसनांची तूट किती वर्षं भरणार, ते लेखी मागा.